क्यूएमू-आयएमजीची माहितीपुस्तिका : सूत्रलाघव आणि आज्ञार्थ

माहितीपुस्तिका हा गद्यप्रकार भाषेच्या अभ्यासकांनी आजवर जवळजवळ उपेक्षिलेला आहे. कथा, कविता, नाटक यांच्या रचनेची चिकित्सा करणारे आपण, ज्या गद्यावर विसंबून माणसे प्रत्यक्ष कृती करतात त्या गद्याकडे मात्र वळत नाही. वस्तुतः या प्रकारच्या लेखनाचा वाचक इतर कोणत्याही वाचकापेक्षा अधिक अडलेला असतो. तो पुस्तिका आरंभापासून वाचीत नाही. यंत्रासमोर बसून, अर्धी आज्ञा टंकून, हवा तो परिच्छेद शोधतो आणि वाचता वाचताच ती आज्ञा पुरी करतो. कादंबरीतील एखादे वाक्य चुकीचे समजले तर वाचकाचे फारसे काही बिघडत नाही. येथे एक वाक्य चुकीचे समजले तर एखाद्या कार्यालयाचे वर्षाचे हिशेब, एखाद्या महाविद्यालयाच्या निकालपत्रिका अथवा एखाद्या विद्यार्थ्याचा प्रबंध नाहीसा होऊ शकतो. म्हणून माहितीपुस्तिकेची साफसफाई हा केवळ टापटिपीचा प्रश्न नव्हे. ते एक संपादन आहे, आणि संपादनाला लागू पडणाऱ्या सर्व कसोट्या त्यास लागू पडतात.

प्रस्तुत विवेचनासाठी निवडलेली पुस्तिका 'क्यूएमू-आयएमजी' या साधनाची आहे. फाब्रिस बेलार यांनी 2003 साली आरंभिलेल्या क्यूएमू या संगणक-अनुकारी प्रणालीबरोबर हे साधन येते. त्यास खिडक्या नाहीत, चित्रे नाहीत. काळ्या पडद्यावर एक ओळ टंकावयाची आणि आज्ञा पार पडावयाची. डिस्क-इमेज तयार करणे, तिचे स्वरूप बदलणे, तपासणे, लहानमोठी करणे ही त्याची कामे. डिस्क-इमेज म्हणजे एका संपूर्ण डिस्कवरील मजकूर एकाच फाइलीत साठविलेला. आभासी संगणक त्या फाइलीलाच आपली डिस्क समजतो. 'इमेज' या शब्दास मराठीत 'प्रतिमा' हा प्रतिशब्द सर्रास योजिला जातो, तो येथे दिशाभूल करणारा आहे. प्रतिमा म्हटली की मराठी वाचकापुढे छायाचित्र उभे राहते, फार तर देव्हाऱ्यातील मूर्ती. 'प्रत' हा शब्द अधिक जवळचा. पण तोही पुरा पडत नाही, कारण क्यूएमूच्या 'क्यूकाऊ-टू' या स्वरूपातील फाइल पुष्कळदा संपूर्ण प्रत नसतेच. ती दुसऱ्या एका आधार-फाइलीवर विसंबलेली असते आणि तिच्यात केवळ नंतर झालेले बदल नोंदविलेले असतात.

पोथ्यांशी परिचय असलेल्या वाचकास ही व्यवस्था चटकन कळेल. एक मूळ पोथी आहे; तिला हात न लावता अभ्यासकाने वेगळ्या पानांवर दुरुस्त्या टिपून ठेविल्या आहेत : अमक्या पानावरील अमक्या ओळीऐवजी हे वाचावे. पोथी आणि टिपणे एकत्र वाचली म्हणजे दुरुस्त पाठ मिळतो. नुसती टिपणे निरर्थक. एकाच पोथीवर चार अभ्यासकांची चार टिपणे असू शकतात आणि पोथी अबाधित आहे तोवर चारही पाठ सुखाने नांदतात. आता एकाने आपली दुरुस्ती थेट पोथीतच उतरविली तर त्याचे काम झाले. परंतु उरलेल्या तिघांची टिपणे ज्या ओळींना धरून लिहिली होती त्या ओळीच हलल्या. क्यूएमू-आयएमजीची 'कमिट' ही आज्ञा हेच करते. आणि टिपणे तशीच ठेवून त्यांखाली दुसरी पोथी सरकवून दिली, तर काय होईल? 'रिबेस' या आज्ञेचा असुरक्षित प्रकार तो हाच. त्यात केवळ आधार-फाइलीचे नाव व स्वरूप बदलले जाते. मजकूर जुळतो की नाही हे पाहिले जात नाही. आधार-फाइलीचे नाव अथवा ठिकाण बदलले असेल तर हा प्रकार उपयुक्त आहे, अन्यथा घातक. सुरक्षित प्रकारात साधन स्वतः दोन्ही पोथ्या ताडून पाहते आणि जेथे फरक असेल तेथील जुना मजकूर टिपणांत उतरवून घेते.

या पुस्तिकेच्या पाठाचा इतिहास लक्षात घेण्याजोगा आहे. प्रत्येक आज्ञेचे सूत्ररूप, म्हणजे आज्ञा, तिचे पर्याय आणि फाइलीचे स्थान दाखविणारी ओळ, दोन ठिकाणी येत असे : एकदा सर्व आज्ञांच्या यादीत, आणि पुन्हा त्या त्या आज्ञेच्या वर्णनात. यादीची सामग्री एका स्वतंत्र फाइलीत ठेविलेली होती, आणि तीत संपादकास उद्देशून अशा आशयाची सूचना होती की येथे बदल केल्यास तो पुस्तिकेच्या मुख्य मजकुरातही आठवणीने उतरवावा. संगणकाच्या युगातही पाठशुद्धीची भिस्त शेवटी लेखकूच्या आठवणीवरच होती, हे पाहून पाठचिकित्सकास हसू आल्याशिवाय राहणार नाही. जेथे नक्कल हाताने होते तेथे पाठभेद होतात. नाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीच्या शुद्धीचे काम हाती घेतले तेव्हा त्यांच्यापुढे असलेला प्रश्न जातीने याहून वेगळा नव्हता.

पुढे 2020 साली, क्यूएमूच्या 5.0 या आवृत्तीच्या वेळी, प्रकल्पातील माहितीपुस्तिका 'टेक्सइन्फो' या जुन्या लेखनपद्धतीतून 'रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट' या पद्धतीत आणण्यात आल्या. या स्थलांतराचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. विखुरलेले मजकूर एका पद्धतीखाली आले. परंतु हे काम मुख्यतः लिप्यंतराचे होते. वाक्ये बहुतांशी तीच, त्यांचा क्रमही तोच. मोडीतील दस्तऐवज बाळबोधीत आणिला म्हणजे तो वाचता येऊ लागतो. त्यातील संदिग्ध कलम मात्र संदिग्धच राहते.

ही संदिग्धता कोठे आहे ते पाहू. संस्कृत व्याकरणाच्या अभ्यासकास अनुवृत्ती आणि अधिकार या कल्पना नव्याने सांगावयास नकोत. पाणिनीने एखादे पद एका सूत्रात एकदाच उच्चारावे आणि पुढील सूत्रांत ते अध्याहृत धरावे, ही अनुवृत्ती. एखादे सूत्र मथळ्यासारखे ठेवून पुढील सर्व प्रकरणावर त्याची सत्ता चालवावी, हा अधिकार. या युक्त्यांनी अष्टाध्यायी चार हजारांच्या आसपास सूत्रांत मावली. तथापि हे लाघव एका अटीवर उभे आहे : शिष्याने ग्रंथ आरंभापासून क्रमाने मुखोद्गत केलेला असला पाहिजे. मधलेच सूत्र उघडून वाचणाऱ्यास अष्टाध्यायी कळत नाही, आणि ती तशी वाचण्यासाठी नाहीच.

क्यूएमू-आयएमजीची पुस्तिका नकळत हीच पद्धत स्वीकारते. तिच्या अगदी आरंभी एक कडक इशारा आहे. चालू असलेला आभासी संगणक किंवा अन्य एखादी प्रक्रिया जी इमेज वापरीत आहे तिच्यात या साधनाने कधीही बदल करू नये, केल्यास इमेज नष्ट होण्याचा संभव आहे, असा त्याचा आशय. हे खरे अधिकारसूत्र आहे. त्याची सत्ता कमिट, रिबेस, रिसाइझ या सर्वांवर चालते. त्यानंतर सर्व आज्ञांना समान असलेले पर्याय एकदाच सांगितलेले आहेत, तीही अनुवृत्तीच. मग आज्ञांची वर्णने येतात, बहुतेक वर्णानुक्रमे. त्यामुळे इमेजच्या स्वरूपाचे पर्याय मागाहून बदलणारी, क्वचितच लागणारी 'अमेंड' ही आज्ञा अग्रस्थानी बसली आहे आणि नव्या माणसास पहिल्याच दिवशी लागणारी 'क्रिएट' कितीतरी मागे. वर्णानुक्रम हा शब्दकोशाचा धर्म होय. ज्यास शब्द ठाऊक आहे त्यासच तो उपयोगी पडतो. ज्यास काम ठाऊक आहे, पण आज्ञेचे नाव ठाऊक नाही, त्यास या क्रमाचा काहीच आधार नाही.

साफसफाई करणाऱ्या संपादकाचा पहिला मोह पुनरुक्ती काढून टाकण्याचा असतो. एकच इशारा चार आज्ञांखाली आलेला दिसला की त्याचा हात शिवशिवतो. तो इशारा उचलून वर नेतो आणि मजकूर आटोपशीर झाल्याचे समाधान मानतो. हा सूत्रकाराचा आनंद आहे. पण मधूनच पुस्तिका उघडणाऱ्या वाचकास वरचे अधिकारसूत्र दिसत नाही. तो 'रिसाइझ' शोधतो, तेथे उतरतो, ओळ उचलतो. अशा वाचकापुढे पुनरुक्ती हा दोष मानता येत नाही. खांबावरील विजेच्या धोक्याची पाटी गावाच्या वेशीवर एकदाच लावून भागत नाही, प्रत्येक खांबावर लावावी लागते, हे संपादकांनी ध्यानी घ्यावे. अर्थात पुनरुक्ती हाताने राखली तर वर सांगितलेले पाठभेद होणार. तेव्हा मजकूर मुळात एकाच ठिकाणी लिहून छापील रूपात अनेक ठिकाणी उमटविणे हाच मार्ग राहतो. नव्या लेखनपद्धतीत त्याची सोय आहे, आणि स्थलांतराचा खरा लाभ तेथे घेता आला असता.

दुसरा दोष पर्यायांच्या अक्षरांचा. या साधनात पर्याय बहुधा एकेका इंग्रजी अक्षराने दर्शविले जातात. 'क्रिएट'मध्ये लहान एफ म्हणजे नव्या इमेजचे स्वरूप. 'कन्व्हर्ट'मध्ये तोच लहान एफ जुन्या इमेजचे स्वरूप सांगतो आणि नव्यासाठी मोठा ओ येतो. मोठा एफ 'क्रिएट' व 'रिबेस' यांत आधार-फाइलीचे स्वरूप दाखवितो, तर 'कम्पेअर'मध्ये दुसऱ्या इमेजचे. लहान सी 'कन्व्हर्ट'मध्ये मजकूर दाबून बसवितो, 'स्नॅपशॉट'मध्ये नवी नोंद निर्माण करतो. सर्वांत विलक्षण लहान डी. 'स्नॅपशॉट'मध्ये त्याचा अर्थ नोंद पुसून टाकावी असा आहे. 'कमिट'मध्ये, बदल आधार-फाइलीत उतरविल्यावर वरची फाइल एरवी रिकामी केली जाते ती करू नये, असा. एकच ध्वनी एका वाक्यात पुसणे सांगतो, दुसऱ्यात न पुसणे. नैसर्गिक भाषेत अनेकार्थी शब्द असतातच, परंतु तेथे संदर्भ सोडवणूक करतो. येथे संदर्भ म्हणजे एका ओळीतील दोन-तीन शब्द. अक्षरे बदलणे आता शक्य नाही, कारण जगभरच्या असंख्य आज्ञावलींत ती गोठलेली आहेत. पुस्तिकेने निदान त्या त्या आज्ञेखाली हा भेद उघड सांगावयास हवा.

दोषांची चर्चा करताना पुस्तिकेतील उत्तम भागाची उपेक्षा होऊ नये. 'कम्पेअर' या आज्ञेचे वर्णन व्याख्येचा नमुना म्हणून दाखविता येईल. दोन इमेजी सारख्या केव्हा म्हणाव्यात? पुस्तिका सांगते की आकार भिन्न असला तरी, मोठीच्या जादा भागात शून्यांवाचून काही नसेल अथवा तो भाग वापरात आलेलाच नसेल, तर त्या सारख्याच धराव्यात. काटेकोर तुलना हवी असल्यास वेगळा पर्याय द्यावा. तसेच 'चेक' आज्ञेच्या परतीच्या अंकांचे. शून्य म्हणजे तपासणी पूर्ण व इमेज निर्दोष. एक म्हणजे तपासणीच पूर्ण झाली नाही. दोन म्हणजे इमेज बिघडलेली. तीन म्हणजे काही जागा वाया गेली आहे, पण मजकूर शाबूत. 'तपासले आणि बिघाड आढळला' व 'तपासताच आले नाही' हा भेद आपल्या दैनंदिन भाषेतही इतक्या स्वच्छपणे क्वचितच पाळला जातो.

आणखी एक गोष्ट पुस्तिकेबाहेरची, पण विषयाशी निगडित. आधार-फाइलीचे स्वरूप न सांगितल्यास साधन पूर्वी ते अंदाजाने ओळखीत असे. यात धोका होता. कोऱ्या स्वरूपाच्या इमेजच्या आरंभी आभासी संगणकातील एखादा खोडसाळ वापरकर्ता क्यूकाऊ-टूचा मथळा लिहू शकतो, आणि मग साधन त्या मथळ्यातील नावावरून यजमान संगणकावरची भलतीच फाइल उघडण्याचा संभव असतो. केवळ इशाऱ्यांनी हे थांबत नव्हते. 2021 सालच्या 6.1 या आवृत्तीपासून आधार-फाइलीचे स्वरूप सांगणे सक्तीचे झाले. न सांगितल्यास आज्ञाच नाकारली जाते. इमेज लहान करताना 'श्रिंक' हा शब्द उच्चारावाच लागतो, हेही त्याच जातीचे. जी गोष्ट गद्याने सांगून भागली नाही ती आज्ञेच्या व्याकरणात घालण्यात आली. साफसफाईचा हा सर्वांत टिकाऊ प्रकार होय.

आता मराठीचा विचार. भिवंडीतील महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी कोणी मराठी माध्यमातून आलेला असतो, कोणी उर्दू, कोणी पद्मानगरच्या तेलुगुभाषक विणकर कुटुंबातला. पुस्तिका मात्र इंग्रजीतच. 1960 साली भाषा संचालनालयाची स्थापना झाल्यापासून मराठीत परिभाषेवर पुष्कळ श्रम झाले. संगणकाच्या क्षेत्रातही 2008 साली आरंभिलेल्या 'फ्युएल' प्रकल्पाने वारंवार लागणाऱ्या शब्दांच्या याद्या सिद्ध केल्या, त्यांत मराठीचा समावेश आहे. ही कामे मोलाची आहेत. परंतु त्या सर्वांचा रोख शब्दावर आहे, वाक्यावर नाही. आणि माहितीपुस्तिकेत माणूस अडतो तो बहुधा वाक्यापाशी.

इंग्रजी पुस्तिकेतील नोंदी नुसत्या धातुरूपाने सुरू होतात. ते रूप आज्ञा काय करते याचे वर्णन आहे, की वाचकास दिलेला आदेश, हे त्या भाषेत रूपावरून कळत नाही आणि कळण्याची गरजही भासत नाही. मराठीत मात्र अनुवादकास निवड करावीच लागते : 'बदल उतरविते' हे साधनाचे वर्णन, 'बदल उतरव' हा यंत्रास आदेश, 'बदल उतरवावेत' हा वाचकास विधी. प्रचलित अनुवाद या तिन्हींची सरमिसळ करतात. पडद्यावरील 'जतन करा' हे शब्द नेमके कोण कोणास उद्देशून म्हणतो? वापरणारा यंत्रास म्हणत असेल तर हा आदरार्थ कशासाठी, आणि यंत्र वापरणाऱ्यास म्हणत असेल तर कळ दाबण्याचे कारण काय! चांगल्या मराठी पुस्तिकेत साधनाचे वर्णन वर्तमानकाळी आणि वाचकास सूचना विध्यर्थी, ही विभागणी कटाक्षाने पाळावी लागेल. ती पाळल्यास मूळ इंग्रजीतील एक संदिग्धता अनुवादात आपोआप नाहीशी होते.

याहून महत्त्वाचा आहे तो क्रम. 'रिसाइझ'च्या इंग्रजी नोंदीत प्रथम आज्ञेचे कार्य येते आणि लहान करण्यापूर्वी काय करावे ते त्यानंतर. 'कमिट'मध्ये तर साखळीतील मधल्या फाइली निकामी होतील हा इशारा वर्णनाच्या उत्तरार्धात येतो, आणि त्याच आधारावर उभ्या असलेल्या भावंड-फाइलींचे, म्हणजे वरील दृष्टान्तातील उरलेल्या तिघांच्या टिपणांचे, काय होईल ते वाचकाने स्वतः ताडावयाचे. याउलट भिवंडीच्या यंत्रमागावर नवशिक्यास दिली जाणारी सूचना पाहावी. मराठी बोलणारा सांगतो, 'माग थांबवून धागा जोड'. उर्दू बोलणारा 'बंद करके' म्हणतो. तेलुगु बोलणारा 'आपि' हे रूप योजतो. तिन्ही भाषांत आधीची कृती धातुसाधित अव्ययाने वाक्याच्या आरंभी बांधलेली आहे आणि मुख्य क्रियापद शेवटी. ऐकणाऱ्याच्या कानी 'जोड' पडण्यापूर्वी 'थांबवून' पडलेले असते. भिन्न कुळांतील भाषांत हे साम्य योगायोगाने आलेले नाही. कॉलिन मसिका यांनी 1976 च्या आपल्या ग्रंथात अशा रूपांचा भारतीय भाषाक्षेत्राचे एक लक्षण म्हणून विचार केला आहे. आणि सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे मराठी, कन्नड व उर्दू यांच्या वाक्यरचना एकमेकींच्या किती निकट आल्या आहेत ते गंपर्झ व विल्सन यांनी 1971 साली दाखविलेच आहे.

तेव्हा मराठी अनुवादकाने इंग्रजी वाक्यांचा क्रम जसाच्या तसा आणण्याचे कारण नाही. आणल्यास तो आपल्या भाषेच्या हाती असलेले साधन टाकून देतो. 'रिसाइझ'ची नोंद अशी लिहिता येईल : 'ही आज्ञा इमेजचा आकार बदलते. इमेज लहान करावयाची असल्यास प्रथम आभासी संगणकाच्या आत जाऊन तेथील फाइल-व्यवस्था व डिस्कचे विभाग नव्या आकारात मावतील इतके लहान करून घ्यावेत. नंतर तो आभासी संगणक बंद करून मगच श्रिंक या पर्यायासह ही आज्ञा द्यावी. विभाग लहान न करता आज्ञा दिल्यास टोकाकडील मजकूर नष्ट होतो. इमेज मोठी केल्यास नवी जागा आपोआप वापरात येत नाही. आत जाऊन विभाग वाढवावे लागतात.' येथे आरंभीचे अधिकारसूत्र 'बंद करून' या दोन शब्दांत नोंदीच्या पोटात आले आहे आणि त्यासाठी वेगळी इशाऱ्याची चौकट लागली नाही.

'कमिट'च्या बाबतीत इतके सहज जमत नाही. भावंड-फाइली आहेत की नाहीत हे आधार-फाइल पाहून कळत नाही; टिपणांत पोथीचे नाव असते, पोथीत टिपणांचे नसते. तेव्हा 'अमुक पाहून मग आज्ञा द्यावी' असे लिहिताना पाहावयाचे कोठे, हे अनुवादकास सांगता येणार नाही. तेथे त्यास मूळ पुस्तिकेत नसलेले एक वाक्य घालावे लागेल : 'या आधार-फाइलीवर अन्य कोणतीही फाइल विसंबलेली नाही अशी ज्याची खात्री असेल त्यानेच ही आज्ञा वापरावी.' असे वाक्य घालण्याचा अधिकार अनुवादकास आहे काय, हा वाद पाठचिकित्सेत जुनाच आहे. तूर्त ते वाक्य मूळ इंग्रजी पुस्तिकेच्या संपादकांकडेच दुरुस्ती म्हणून पाठविणे हा अधिक सरळ मार्ग दिसतो. प्रकल्प खुला असल्याने कोणासही तसे करता येते, मग तो भिवंडीतला विद्यार्थी का असेना.